ओव्यांसाठी शाई

एप्सन या प्रिंटर कंपनीच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची असते. तेवढ्या शाईत ४,५०० पानं छापून होतात, असं कंपनी सांगते. मी सहज भागाकार केला, तर एका पानाच्या वाट्याला ०.०१४ मिलिलिटर शाई आली. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरमधून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे तसल्या एका थेंबात मजकुराची तीन पानं निघतात! आणि तेवढीशी शाईसुद्धा प्रिंटर एकदम ओतत नाही. तीन-तीन पिकोलिटरचे थेंब करून ती टाकतो. एका मिलिलिटरचे एक अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. या हिशेबानं एका पानावर ४८ लाखांच्या आसपास थेंब पडतात. त्यातला प्रत्येक थेंब नेमून दिलेल्या जागी पडतो, तेव्हा कुठे आपल्याला अक्षर दिसतं.

हिशेब ढोबळ आहे. नळ्यांत भरून राहणारी, सफाईत खर्ची पडणारी शाई त्यात धरलेली नाही. पण तो केल्यापासून शाई घ्यायला दुकानात गेलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. इतक्या बारीक भोकांतून जाणारी ही वस्तू आहे तरी काय, आणि ती कागदावर किती वर्षं राहणार, हे मला आधी हवं असतं.

याचं कारण आईची वही. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. जात्यावरच्या ओव्या आईनं उतारवयात आठवून आठवून एका वहीत लिहून काढल्या होत्या. काही आजीकडून आलेल्या, काही वाडीतल्या बायकांच्या तोंडच्या, काही तिच्या स्वतःच्या असाव्यात असं मला वाटतं. आई गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. काही पानांना कसर लागली आहे, कडा पिवळ्या पडून तुटायला लागल्या आहेत. मी सगळ्या ओव्या टाइप करून घेतल्या. समोरासमोरच्या पानांवर एका बाजूला छापील ओवी आणि दुसऱ्या बाजूला आईच्या अक्षराचा रंगीत स्कॅन, अशी वही करून भावंडांना आणि भाचरांना द्यायची, असं ठरवलं. एक प्रत राजापूरच्या घरात राहणार, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते. एक माझ्याकडे नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. या दोन्ही घरांत टिकेल अशी शाई मला हवी होती.

सीताबर्डीवरच्या दुकानातल्या मुलानं नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, ओरिजनल देऊ का कम्पॅटिबल?" ओरिजनल म्हणजे प्रिंटरच्या कंपनीची, कम्पॅटिबल म्हणजे त्याच यंत्रात बसणारी दुसऱ्या कोणाची. मी त्याला विचारलं, "यातली पाण्यानं पसरत नाही ती कोणती?" त्यानं खोके खाली काढले, आम्ही दोघांनी मिळून बारीक अक्षरं वाचली. एका खोक्यावर 'डाय' होतं, एकावर 'पिगमेंट', आणि काहींवर यातलं काहीच नव्हतं. ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही ते मी परत ठेवायला सांगितलं.

या दोन शब्दांत किती काय आहे ते कळायला आधी यंत्राच्या पोटात डोकवावं लागतं. द्रवाची धार तुटून तिचे थेंब का होतात याचं गणित लॉर्ड रॅलेनं १८७८ मध्ये मांडलं होतं. त्याहीआधी, १८६७ साली, लॉर्ड केल्विननं तारेनं आलेला संदेश शाईच्या बारीक धारेनं कागदी पट्टीवर उमटवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीटनं धारेतल्या थेंबांना विद्युतभार देऊन हवं तसं वळवून दाखवलं. दुधाच्या पिशवीवर, बिस्किटाच्या पुड्यावर ठिपक्याठिपक्यांची जी तारीख असते ती याच घराण्यातली. घरातला इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवणारा प्रिंटर, मात्र वेगळ्या वाटेनं आला. त्यात धार सतत वाहत नाही. हवा तेव्हाच थेंब सुटतो.

तो सोडायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीची गोष्ट मला फार आवडते. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो हे संशोधक काम करत असताना तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. ती का उडाली याच्या मागे ते लागले. उष्णतेनं सुईतली शाई उकळली, वाफेचा बुडबुडा झाला आणि त्यानं पुढची शाई बाहेर ढकलली. जवळपास त्याच काळात अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट याच कल्पनेपाशी स्वतंत्रपणे पोचले. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट बाजारात आला तेव्हा त्याच्या हेडला, म्हणजे थेंब सोडणाऱ्या भागाला, बारा भोकं होती. पुढच्याच वर्षी कॅननचा पहिला बबलजेट आला. आजच्या हेडला शेकड्यांनी भोकं असतात, कल्पना तीच. प्रत्येक भोकामागे एक सूक्ष्म तापक असतो. विजेचा झटका बसला की काही मायक्रोसेकंदांत त्याला चिकटलेला शाईचा पापुद्र्याएवढा थर ३०० अंशांच्या आसपास जातो, बुडबुडा फुगतो, थेंब उडतो, बुडबुडा बसतो आणि त्या जागेत नवी शाई खेचली जाते. सेकंदाला हजारो वेळा.

दुसरी तऱ्हा उष्णतेशिवायची. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटंही खरं: वीज दिली की असा स्फटिक किंचित वाकतो. एप्सननं आपल्या प्रिंटरांत हेच तत्त्व वापरलं. शाईच्या कप्प्याची एक भिंत वाकते आणि थेंब ढकलते. शाईला उकळावं लागत नाही.

शाई निवडणाऱ्याला हा फरक ठाऊक असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. बुडबुड्याच्या प्रिंटरची शाई दर थेंबाला प्रचंड उष्णता सोसणारी लागते. तिच्यात न पेलणारे घटक असले की तापकावर जळका थर बसतो, त्याला कोगेशन म्हणतात, आणि थेंब दुबळे होत जातात. स्फटिकाच्या प्रिंटरला उष्णतेची अडचण नाही, पण त्याला दाटपणा अगदी मोजका लागतो, नाहीतर थेंबामागे शेपूट येतं आणि अक्षराभोवती बारीक तुषार उडतात. तेव्हा 'सगळ्या इंकजेटला चालते' असं ज्या बाटलीवर लिहिलेलं असेल ती मी घेत नाही. दोन इतक्या वेगळ्या यंत्रांना एकच शाई सारखीच उत्तम कशी मानवेल?

आणखी एक गोष्ट हेडच्या जागेची. एचपीच्या आणि कॅननच्या छोट्या कार्ट्रिजवाल्या, म्हणजे शाईची तयार डबी बसवायच्या, बऱ्याच मॉडेलांत हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. कार्ट्रिज बदललं की हेड नवं. अशा घरी कोणी सुईनं शाई भरून पाहिली आणि बिघडलं, तर नुकसान एका कार्ट्रिजचं. टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या, एप्सनमध्ये हेड कायमचं असतं, आणि ते बदलायचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घ्यायचा विचार करतात. म्हणून स्वस्त शाईचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. शेजारच्यांच्या घरी ती शाई दोन वर्षं बिनतक्रार चालली, एवढ्यावर आपल्या यंत्रात ओतू नये. त्यांच्या यंत्रात हेड कुठे आहे ते आधी विचारावं.

आता डाय आणि पिगमेंट. इंकजेटची शाई बहुतांशी पाणीच असते. त्यात ती भोकाशी वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकोल, कागदावर नीट पसरावी म्हणून साबणाच्या जातीचे पदार्थ, बुरशी धरू नये म्हणून औषध, आणि रंग. हा रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असेल तर ती डायची शाई. ती कागदाच्या तंतूंत शिरते, झळाळते, फोटोच्या कागदावर सुंदर दिसते. पण जी पाण्यात विरघळून आली ती पाणी लागलं की पुन्हा विरघळायला तयार असते. पिगमेंटच्या शाईत रंग विरघळलेला नसतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण कागदाच्या वरच्या थरात बसून राहतात. पाण्यानं ते सहज सुटत नाहीत आणि उन्हालाही लवकर दाद देत नाहीत.

काळ्या पिगमेंटमधले हे कण कार्बनचे असतात. म्हणजे काजळीचेच. आपल्याकडच्या जुन्या काळ्या शाईचा जीवही काजळीतच होता. दिव्याची काजळी धरायची, डिंकाच्या पाण्यात घोटघोट घोटायची. डिंक कशाला, तर काजळीचे कण एकमेकांना चिकटून तळाला बसू नयेत आणि कागदाला धरून राहावेत म्हणून. आजच्या शाईत डिंकाच्या जागी बेतून केलेली रसायनं असतात, त्यांचं काम मात्र तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद अडीचशे वर्षांनंतर वाचता येतात, ते या काजळीच्या बळावर. कार्बनला ऊन फिकं करू शकत नाही. कागद जाईल, कसर खाईल, पण तिच्या तावडीतून जेवढा वाचेल तेवढ्यावरचं अक्षर काळंच राहील. आईच्या ओव्यांना मला हीच काजळी हवी होती, हे एकदा पक्कं झालं आणि निम्मा शोध संपला.

पण कोणत्या बाटलीत काय आहे हे नावावरून कळत नाही. एप्सनच्याच ००३ मालिकेतली काळी डायची आहे आणि ००१ मालिकेतली काळी पिगमेंटची. कॅननची जीआय-७९० आणि एचपीची जीटी-५३ या काळ्या बाटल्या पिगमेंटच्या. या सगळ्यांत रंगीत तीन मात्र डायच्याच. म्हणजे ज्यात काळी पिगमेंटची आहे अशा यंत्रावर छापलेल्या कागदाला पाणी लागलं तर मजकूर राहतो आणि रंगीत शिक्का, नकाशा, फोटो पसरतो. आईच्या अक्षराचा स्कॅन रंगीत, त्यामुळे माझं भागणार नव्हतं. चारही रंग पिगमेंटचे असलेली यंत्रंही असतात. एप्सननं २००१ मध्ये ड्युराब्राइट नावानं अशी शाई आणली, कॅननच्या मॅक्सिफाय जीएक्स मालिकेतही चारही पिगमेंट आहेत. ही यंत्रं घरापेक्षा ऑफिसांत अधिक दिसतात.

मग माझ्याच घरच्या टँकमध्ये पिगमेंटची काळी ओतली तर? हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, कारण बाटली सारखीच दिसते आणि फरक थोड्या रुपयांचा असतो. ओतू नये. डायसाठी बांधलेल्या हेडच्या गाळण्या आणि वाटा तरंगत्या कणांसाठी बेतलेल्या नसतात. नळीत उरलेली जुनी शाई आणि नवी शाई भेटली की कणांना अलग ठेवणारं रसायन बिघडून गुठळी होऊ शकते. यंत्र डायचं असेल तर त्याला डायच द्यावी आणि पिगमेंटचं काम पिगमेंटच्या यंत्रावर करून घ्यावं.

तुम्ही म्हणाल, मजकुरासाठी लेझर का नाही? काळ्या मजकुराला लेझर उत्तम. त्याच्या टोनरमध्येही बहुधा कार्बनच असतो, प्लास्टिकच्या भुकटीत मिसळून उष्णतेनं कागदावर वितळवलेला. पाण्याची भीती नाही. पण आमच्याकडे कोकणात कागद जपायचा म्हणजे तो प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, आणि पीव्हीसीच्या पिशवीला टोनर कालांतरानं चिकटून वर निघून येतो. शिवाय स्कॅनमधला बॉलपेनचा निळा, पानावर पडलेलं हळदीचं बोट, हे मला त्याच्या खऱ्या छटेत हवं होतं.

छापायच्या आधी मी घरीच एक परीक्षा घेतली. ती कोणालाही करता येईल. एकच पान घरच्या डायच्या यंत्रावर आणि ओळखीच्या डीटीपी सेंटरमधल्या पिगमेंटच्या यंत्रावर काढलं. दोन्हींच्या कोपऱ्यावर बोटानं पाण्याचा थेंब ठेवला. डायच्या काळ्याभोवती जांभळट कडं उमटलं, वेलांट्या पुसट झाल्या. पिगमेंटचं अक्षर जागचं हललं नाही. मग दोन्ही पानं अर्धी काळ्या पुठ्ठ्यानं झाकून पश्चिमेच्या खिडकीला लावून ठेवली. नागपूरच्या वैशाखातलं ऊन खिडकीतून येतं तेव्हा पडद्यांचे रंगसुद्धा उडतात. पुठ्ठा काढला तेव्हा डायच्या पानावर झाकलेला आणि उघडा भाग असे दोन वेगळे कागद असावेत इतका फरक होता. पिगमेंटच्या पानावर तो शोधावा लागला. ऊन हा एकच शत्रू नाही. हवेतला ओझोनही डायला खातो. २००० साली एप्सनच्या फोटो प्रिंटरवरची चित्रं काही लोकांच्या घरी नारिंगी पडू लागली तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. काचेमागे लावलेला फोटो जास्त टिकतो त्याला हेही एक कारण आहे.

मराठी छापणाऱ्याला या यंत्राची एक खोड विशेष जाणवते. हेड आडवं फिरतं. एखादं भोक बुजलं की पानावर ठरावीक अंतरानं आडवी पांढरी रेघ येते. इंग्रजी मजकुरात ती अक्षराच्या कमरेतून गेली तरी चटकन दिसत नाही. आपली शिरोरेषा नेमकी आडवी! पांढरी रेघ तिच्यावर आली की अख्ख्या ओळीचं छप्पर उडतं आणि अक्षरं सुटी सुटी लोंबायला लागतात. त्याच रेघेत अनुस्वार गेला तर 'घरांत'चं 'घरात' होतं, अनेकाचं एक होतं. सातबारा किंवा दाखला छापणाऱ्या सेवा केंद्रांनी तर दिवसाचं पहिलं पान नोझल चेकचंच, म्हणजे भोकं तपासायचंच, काढावं. त्या पानावरच्या रेघांत एकही खंड नसेल तरच पुढचं काम. ओव्यांची पानं काढायच्या आधी मीही सेंटरमधल्या ताईंना हेच करायला लावलं. त्यांनी कुरकुर केली नाही, उलट आणखी एकदा काढून दाखवलं.

भोक बुजतं ते बहुतेक वेळा वाळल्यामुळे. केसाच्या जाडीहूनही बारीक ते भोक, त्याच्या तोंडाशी असलेली शाई हवेला उघडी पडली की काही तासांत साय धरते. म्हणून काम झालं की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केला तर हे होतं. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला, किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. भारनियमनाच्या काळात आमच्या विदर्भात कितीतरी प्रिंटर असे गेले असतील. वीज आली की आधी प्रिंटर चालू करून हेडला जागेवर जाऊ द्यावं, लगेच छपाई नसली तरी. मशीन दुरुस्त करायला येणारे भाऊ मला दरवेळी सांगतात, "ताई, हप्त्यातून एक रंगीत पान काढत जा न, शाई पडून राह्यली का हेड ड्राय होते." त्यांचा हा सल्ला कुठल्याही महागड्या क्लीनिंग किटपेक्षा मोलाचा आहे. मे महिन्यात मी हप्त्यातून दोनदा काढते.

राजापूरला उलटी तऱ्हा. तिथे शाई वाळत नाही, कागद भिजलेला असतो. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, आणि डायची शाई तंतूंच्या वाटेनं पसरून अक्षराला लव फुटते. दादाला मी सांगून ठेवलंय की रीम उघडली तर उरलेले कागद प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून स्टीलच्या कपाटात ठेव, ट्रेमध्ये रात्रभर ठेवू नकोस. तिकडे लोक अनेकदा शाईला दोष देतात, तेव्हा दोष कागदाच्या ओलीचा असतो. शाई बदलायच्या आधी कोरडा कागद घालून बघावं.

सफाईचा उपाय जपून वापरावा. 'हेड क्लीनिंग' दाबलं की यंत्र टोपीतून शाई ओढून घेतं आणि पोटातल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये सोडतं. ती शाई छपाईची नव्हे, पण पैसे तिचेही मोजलेले असतात. पॅड किती भरलं याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि मर्यादा आली की छपाई थांबवतं. वारंवार क्लीनिंग करणाऱ्यांची पॅडं लवकर भरतात. एकदा, फार तर दोनदा करावं, मग रात्रभर यंत्राला तसंच राहू द्यावं. वाळलेली शाई पुष्कळदा त्या ओलीत आपोआप सुटते.

किमतीचं बोलायचं तर कंपन्यांवर लोकांचा राग आहे आणि तो रास्त आहे. स्वस्त प्रिंटर विकायचा आणि चिमूटभर शाईच्या कार्ट्रिजवर वर्षानुवर्षं कमवायचं, यात गिऱ्हाइकाचा सन्मान नाही. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीचे अनेक प्रिंटर दुसऱ्यांची कार्ट्रिजं एकाएकी नाकारू लागले. आदल्या दिवशीपर्यंत चालणारी वस्तू यंत्रातल्या सॉफ्टवेअरनं बाद ठरवली होती. २०२० साली इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं ग्राहकांना अशा निर्बंधांची नीट कल्पना न दिल्याबद्दल एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात म्हटलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. तिच्यात पुन्हा भरणाऱ्याला पेटंटच्या आधारे अडवता येणार नाही. विकत घेतलेली वस्तू माझी, हे इतकं साधं तत्त्व न्यायालयाला सांगावं लागतं.

टँकचा प्रिंटर मात्र या भांडणातून जन्मलेली चांगली गोष्ट आहे. आशियातल्या अनेक देशांत, आपल्याकडेही, दुरुस्तीवाले कार्ट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून द्यायचे. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यांनी कंपन्यांच्या आधी ओळखलं होतं. २०१० मध्ये एप्सननं इंडोनेशियात स्वतःच टँकचा प्रिंटर काढला आणि थोड्याच काळात तो आपल्याकडे आला. आता मूळ बाटलीतच पान इतक्या कमी पैशांत पडतं की नुसत्या मजकुरासाठी परक्या शाईचा धोका पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. कार्ट्रिजच्या यंत्रात मात्र चांगल्या नावाच्या कम्पॅटिबल शाईला माझी हरकत नाही, निदान शाळेचे प्रकल्प, तिकिटं, गृहपाठ यांच्यासाठी. एवढंच बघावं की खोक्यावर आपल्या मॉडेलचा क्रमांक आहे, डाय की पिगमेंट ते लिहिलंय, बनवल्याची आणि वापरण्याची तारीख आहे. जुनाट पिगमेंटमध्ये कण तळाला बसतात. आणि पानांचा आकडा वाचताना तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरावीक चाचणीच्या पानांवरून काढलेला असतो हे ध्यानात धरावं. ती चाचणी सलग छपाईची असते. घरी आठवड्यातून चार पानं काढणाऱ्याची बरीच शाई सफाईतच जाते. रिकामी कार्ट्रिजं कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. ई-कचऱ्याच्या केंद्रीय नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येतात.

ओव्यांची शाई ठरली आणि मग कळलं की कच्चा दुवा कागद आहे. लगद्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ, राहिलेला कागद पिवळा पडतोच, आम्ल असलेला ठिसूळ होतो. आईच्या वहीच्या कडा त्यानंच गेल्या. काजळी टिकेल आणि तिच्याखालचा कागद तुटेल, असं नको होतं. आम्लविरहित कागद नागपुरात सहज मिळाला नाही, चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून मागवावा लागला. तो जाडसर आहे, त्यामुळे मागच्या ट्रेमधून एकेक पान घालावं लागतं, आणि सेटिंगमध्ये साधा कागद न निवडता मॅट निवडावा लागतो, नाहीतर यंत्र शाई कमी सोडतं. चकचकीत कागद आम्ही मुद्दाम टाळला, कारण त्याच्यावर साधी पिगमेंटची काळी नीट धरत नाही.

वैशाखात नागपूरची हवा कोरडी असते, कागदही कोरडा. छपाई आत्ताच उरकायची. निघालेली पानं एकमेकांवर न रचता पंख्यापासून लांब, खाटेवर चादर घालून एक दिवस पसरून ठेवायची आणि मगच शिवायला द्यायची. बांधणीत गोंदाऐवजी दोरा. दादाची प्रत मृग लागायच्या आत राजापूरला पोचवायची आहे, पोस्टानं नाही, भाचा जाणार आहे त्याच्या हाती.